दहाव्या शॉटातली बाई

१

मस्तगडच्या त्या गल्लीत कोणाच्या घरी आज काय शिजलं, कोणाची सून माहेरून आली, कोणाला कुठून पत्र आलं, हे ज्याचं त्याला कळायच्या आधी सगुणाबाईला कळायचं, असं लोक म्हणायचे. म्हणणाऱ्यांत तिचा नवरा धर्मराज सगळ्यांत पुढं. सगुणाबाई चौथीपर्यंत शिकलेली, पंचेचाळिशीची, अंगानं भरलेली. मनानं अशी, की कोणाला ताप आल्याचं ऐकलं की हिच्या चुलीवर काढा चढलेला असायचा. फक्त काढा घेऊन गेली की ताप का आला, कधीपासून आला, आदल्या दिवशी कोणाशी भांडण झालं, हे सगळं घेऊनच ती परत यायची.

तिच्या समोरचं घर तातेराव गुरुजींचं. गुरुजींची एकुलती एक बेबीनंदा पुण्याला सिनेमाच्या शाळेत शिकत होती. सिनेमाची शाळा असते हेच गल्लीला आधी पटलं नव्हतं, आणि त्या शाळेत आपल्या गुरुजींची पोरगी गेली हे तर कोणालाच. अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यात ती चार दिवसांसाठी घरी आली, तेव्हा तिच्या हातात कपड्यांच्या पिशवीपेक्षा जड अशी एक काळी पेटी होती. सगुणाबाईच्या घरी कुरडयांचा घाट चालला होता. तिनं गरम चिकाची वाटी भरली आणि रस्ता ओलांडला.

"काय गं बेबे, पेटीत काय आणलं?"

"कॅमेरा, मावशी."

"फोटो काढायचा?"

"फोटो पळवायचा," बेबीनंदा म्हणाली आणि खळखळून हसली.

आतून गुरुजी आले. हजेरी घेताना असतो तसा त्यांचा आवाज होता. "सगुणाबाई, हिची पहिली फिल्म बिघडली. सगळी पुसट आली. आता ही दुसरी. ही बराबर झाली न्हाई तर शिष्यवृत्ती बंद अन् शाळेतून नाव कमी. मंग घरीच."

'घरीच' या शब्दाला सगुणाबाईची मान खाली गेली. शहागडचं एक स्थळ होतं, त्यांच्याच समाजातलं, मुलाचं हायवेवर टायरचं दुकान. दसऱ्याला ती बातमी गुरुजींच्या कानावर घालणारी सगुणाबाईच होती. तेव्हा तिला वाटलं होतं आपण पोरीचं भलं करतोय. आता वाटीतला चीक फुंकून फुंकून खाणाऱ्या त्या पोरीच्या बोटांवरचे फिल्म धुण्याच्या औषधाचे काळे डाग बघून तिला तसं वाटेना.

२

सिनेमा अगदी छोटा होता. एक बाई ओट्यावर तूर निवडत बसली आहे आणि पत्राची वाट बघते आहे, एवढंच. बोलणं नाही. पण हीच एक गोष्ट दहा शॉटांत दाखवायची, आणि दहाही शॉट वेगवेगळे हवेत, अशी शाळेची अट. कुठं लांबून, कुठं जवळून, कुठं खालून, कुठं वरून. शाळेनं फिल्मची दोनच रिळं दिली होती. चुकलं तर परत घ्यायला फिल्म नाही.

बाईचं काम गोजरबाईला दिलं. गोजरबाई डाळीच्या गिरणीत रोजानं जायची, सुपाशी तिचा जन्माचा संबंध.

"तिचं तोंड कसं, वाळल्या वांग्यावानी," सगुणाबाई कुजबुजली.

"म्हणूनच घेतलं, मावशी."

"अन् माझं?"

"तुमचं तोंड बघून कोणाला वाटेल का तुम्हाला पत्राची वाट बघावी लागते? तुम्ही पोस्टमनला नाक्यावरच गाठता."

गोजरबाई एवढी हसली की सुपातली तूर सांडली.

तालीम सुरू झाली. गोजरबाई उठली, रस्त्याकडं बघून आली, परत बसली. बेबीनंदा कॅमेऱ्याच्या भोकाला डोळा लावून होती. बाजूनं सगुणाबाई बोलली, "अवं गोजरबाई, मघाशी पदर कमरेत खोचला होता. आता मोकळा सोडला. अन् खडे डाव्या हाताला टाकत होता, आता उजव्या हाताला टाकून राह्यलात."

बेबीनंदानं डोळा काढला. "मावशी, हे कसं कळलं तुम्हाला?"

"दिसतं ते कळतं."

मग बेबीनंदानं तिला समजावून सांगितलं. एकेक शॉट वेगवेगळ्या वेळी घेतात आणि नंतर जोडतात. बघणाऱ्याला मात्र सगळं एका दमात घडल्यासारखं वाटलं पाहिजे. म्हणून एका शॉटात जे दिसलं ते पुढच्या शॉटात तिथंच आणि तसंच दिसलं पाहिजे. याला कंटिन्यूटी म्हणतात. पुण्यात या कामासाठी शिकलेलं माणूस ठेवतात, वही-पेन्सिल घेऊन बसायला.

"फक्त बघायचं अन् लिहायचं?"

"फक्त बघायचं आणि लिहायचं."

बेबीनंदानं पुढं केलेली चाळीस पानी वही सगुणाबाईनं छातीशी धरली. आयुष्यभर ज्याला नवऱ्यानं भोचकपणा म्हटलं, त्याला पुण्याच्या शाळेत नाव होतं, आणि बसायला जागा होती.

३

पहिला शॉट लांबचा. सकाळी आठला गुरुजींच्या गच्चीवरून अख्खी गल्ली. जवळ गुरुजींचा ओटा, त्यावर गोजरबाई, मग दोन्ही बाजूंची घरं, आणि पार टोकाला सरकीचं बंद पडलेलं गोडाऊन. गोडाऊनच्या दाराला कधीचं कुलूप होतं. मालक हैदराबादेला गेला तो गेलाच.

बेबीनंदाचं काम बघण्यासारखं होतं. पुठ्ठ्यावर चांदीचा कागद चिकटवून तिनं ऊन वळवलं आणि बराबर गोजरबाईच्या सुपात आणून टाकलं. कॅमेऱ्यावर तीन काचा होत्या, गोल चकतीवर फिरणाऱ्या. त्यातली एक तिनं टक्कन जागेवर आणली. बाजूला किल्ली होती, घड्याळाला देतात तशी. ती पिळून भरली की कॅमेरा अर्धा मिनिट चालायचा, किर्रर्र आवाज करत. बावीस वर्षांची पोरगी, पण तिथं ती गवंड्यासारखी वावरत होती. हात लागेल ती वस्तू जागेवर बसायची.

"मावशी, आधी तुम्ही बघा."

सगुणाबाईनं भोकाला डोळा लावला. आपली रोजची गल्ली तिला एवढीशी, स्वच्छ, धुतल्यासारखी दिसली. ती एकेक वस्तू मनात टिपत गेली. सूप. तांब्या. वाळत घातलेला टॉवेल. आणि टोकाला, गोडाऊनच्या दारात, एक बाई.

पाठमोरी. हिरवं लुगडं. हात दोन्ही बाजूंना सोडलेले. दाराच्या फळ्यांकडं तोंड करून नुसती उभी.

सगुणाबाईच्या पहिल्यांदा मनात आलं ते भय नव्हतं, अपमान होता. आपल्या गल्लीत एक बाई उभी आहे आणि ती कोण हे आपल्याला माहीत नाही! तिनं डोळा काढून नुसत्या नजरेनं पाहिलं. गोडाऊन लांब होतं, दार सावलीत. तिला कोणी दिसलं नाही. वय झालं, लांबचं कमी दिसायला लागलं, असं म्हणून तिनं वहीत लिहिलं. शॉट एक. सूप मांडीवर. पदर खोचलेला. मागं दारात एक बाई, हिरवं लुगडं, पाठमोरी.

किर्रर्र झालं आणि थांबलं. बेबीनंदा वळली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

"मावशी, मागं त्या बाई तुम्ही उभ्या केल्या?"

"कोण?"

"त्या हिरव्या लुगड्यातल्या. काय नेमक्या जागी उभ्या केल्या हो! पुढं एक बाई वाट बघते, मागं एक पाठ फिरवून उभी. चौकट भरून गेली बघा. मला हे सुचलं नसतं."

असं कौतुक सगुणाबाईचं कोणी केलं नव्हतं. धर्मराजनं तर कधीच नाही. तोंडातून निघून गेलं, "हां, हाय एक ओळखीची. मीच म्हणलं, जरा उभी राह्य."

४

दुसरा शॉट मधला. कॅमेरा खाली ओट्यासमोर तिरका लावला. गोजरबाई डोक्यापासून मांडीवरच्या सुपापर्यंत दिसायची. मागं तेच गोडाऊन.

सगुणाबाईनं भोकातून पाहिलं. कॅमेरा पुढं आला होता, काच बदलली होती. गोजरबाई मोठी झाली होती, सूप मोठं झालं होतं, गोडाऊनचं दारही मोठं झालं होतं. ती बाई मात्र गच्चीवरून दिसली होती तेवढीच होती. रेषभर मोठी नाही.

काचेवरचा डाग असेल, असं सगुणाबाईला वाटलं. तिनं पदरानं काच पुसायला हात नेला तर बेबीनंदा ओरडली, "मावशी, पदर नको, चरे पडतील!" आणि स्वतः मऊ फडक्यानं अलगद पुसली. डाग गेला नाही. डागाला लुगड्याच्या निऱ्या होत्या.

तिसरा शॉट उलट बाजूचा. गोजरबाईच्या खांद्यामागून रस्त्याकडं. आता गोडाऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागं गेलं. सगुणाबाईनं सुटकेचा श्वास टाकला आणि डोळा लावला.

रस्ता दिसला. रस्त्यापलीकडं तिचं स्वतःचं घर दिसलं. आणि घराच्या दारात ती उभी होती. पाठमोरी, घराच्या आत तोंड करून.

सगुणाबाई वही टाकून धावली. दाराला तिनंच लावलेली कडी होती, लावलेलीच. कडी काढली. आत कुरडयांचा सोऱ्या होता तिथंच, चिकाच्या पातेल्यावर झाकण होतं तसंच. न्हाणीत पाहिलं, फडताळामागं पाहिलं. कोणी नव्हतं. फक्त घर तिला जरा ओळखीचं वाटेना. परगावाहून महिन्यानं परत आल्यावर वाटतं तसं.

"काय झालं, मावशी?"

"चुलीवर दूध ठेवलंय का ते बघायला गेल्ते."

"बरं. त्या बाईंना सांगा, फार छान. इकडून तिकडं किती जल्दी गेल्या हो! आवाजसुद्धा नाही."

५

दुपारच्या उन्हात काम बंद होतं. सगुणाबाईनं गल्ली पालथी घातली. आज हिरवं लुगडं कोण नेसलंय, कोणाकडं पाहुणी आली का, गोडाऊनकडं कोण गेल्तं. कोणी नाही. मग ती स्वतः गोडाऊनच्या दाराशी जाऊन उभी राहिली. कुलपावर कोळ्याचं जाळं होतं, सगळे धागे जागेवर. उंबऱ्यापुढं पीठ चाळल्यासारखी धूळ पसरली होती. त्या धुळीत एक चिमणी चालून गेल्याची नक्षी होती. माणसाचं पाऊल नव्हतं.

चार वाजता चौथा शॉट. फक्त हात आणि सूप, अगदी जवळून. सुपाच्या वरच्या कडेला बोटभर जागा उरत होती, आणि त्या बोटभर जागेत ती मावली होती.

"मावशी," बेबीनंदा म्हणाली, "आता त्यांना थोडं वळायला सांगा. फार नाही. हरेक शॉटला जरा जरा. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आता तोंड दिसेल, आता दिसेल."

सगुणाबाईला काय करावं सुचेना. गोजरबाई बघत होती. पोरगी किल्लीला हात घालून थांबली होती. सगुणाबाईनं मोकळ्या गल्लीकडं तोंड केलं आणि नेहमीच्या ठसक्यात आवाज दिला, "बाई, जरा वळा इकडं!"

गल्लीत कोणी नव्हतं. एक कुत्रं होतं, ते उठून गेलं.

तिनं भोकातून पाहिलं. खांदा हलला होता. पाठीची एक बाजू आता कमी दिसत होती आणि कानाची पाळी दिसायला लागली होती.

"बराबर!" बेबीनंदा म्हणाली. "किती शहाण्या आहेत त्या. कोण हो या, मावशी?"

"सांगते मंग," सगुणाबाई म्हणाली. आणि तिनं वहीत टिपून घेतलं, कानाची पाळी.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून घ्यायचा शॉट होता. गच्चीच्या कठड्यावरून कॅमेरा सरळ खाली रोखला. सगुणाबाईनं रात्रभर या शॉटाचा विचार केला होता. वरून पाहिलं तर मागं काही उरतच नाही, नुसती जमीन. तिथं ती कुठं उभी राहणार?

तिनं डोळा लावला. खाली गोजरबाई आणि सूप. आणि ओट्याला लागून, भिंतीशी, एक डोकं. वरून दिसत होता तो फक्त भांग. पांढरा, सरळ, डोक्यामागपर्यंत गेलेला.

खालून गोजरबाई बोलली, "सगुणाबाई, माझ्या पाठीला गार लागून राह्यलं हो. मे महिन्यात गार कसं?"

"माठ हाय मागं."

"माठ तर कवाच आत नेला."

त्यानंतर चालता शॉट. बेबीनंदानं भाजीवाल्याची हातगाडी मागून आणली होती. चाकांच्या दांड्यांना तेल दिलं, रस्त्यावर सतरंज्या अंथरल्या, म्हणजे गचके बसू नयेत. ती कॅमेरा घेऊन गाडीवर बसली आणि गाडी ओढायला धर्मराजला लावलं. बियाण्याच्या दुकानात आयुष्यभर पोती उचललेला माणूस, पण तिनं त्याला अशी गाडी ओढायला शिकवली की वर ठेवलेल्या तांब्यातलं पाणी हलेना.

"हिला बोलवा सरकारी रस्ते बांधायला," धर्मराज घाम पुसत म्हणाला.

"तुम्हाला काही दिसलं का हो?" सगुणाबाईनं त्याला बाजूला घेऊन विचारलं. "गाडी ओढताना. पुढं कोणी बाई?"

"पुढं तूच होतीस की, वही घेऊन."

"मी मागं होते. गाडीच्या मागं."

"मंग मागं असशील," तो म्हणाला आणि पाणी प्यायला गेला.

७

दुपारपर्यंत नऊ शॉट झाले. नवव्या शॉटाला त्या बाईचा गाल दिसत होता, डोळा अजून नाही. दुसऱ्या रिळात फक्त एका शॉटापुरती फिल्म उरली होती.

बेबीनंदा ओट्यावर पाय दुमडून बसली. दोन दिवसांत ती काळवंडली होती, ओठ फुटले होते, आणि डोळ्यांत मात्र असं काही होतं की बघतच राहावं.

"मावशी, शेवट बदलला मी. आधी वाटलं होतं, पत्र येत नाही, गोजरबाई तूर चिमण्यांना टाकून देते, झालं. पण आता सापडलं मला. पत्र येत नाही, ती बाई येते. इतका वेळ पाठ करून उभी होती ती शेवटी पूर्ण वळते आणि चालत चालत सरळ कॅमेऱ्यापर्यंत येते. चौकट तिच्या तोंडानं भरून जाते. तिथं संपलं."

"अन् ती न्हाई आली तर?"

"न्हाई कशी येईल? आजवर सगळं ऐकलं त्यांनी."

"बेबे, ती बाई..." सगुणाबाईनं सुरुवात केली. खरं सांगायला तोंड उघडलं होतं तिनं. पण आत गुरुजी कोणाशी तरी बोलत होते, आणि त्यांच्या बोलण्यात शहागडचं नाव आलं. बेबीनंदानं ते ऐकलं.  तिनं कॅमेऱ्याची काच परत एकदा पुसली. ती तीनदा पुसून झालेली होती.

बाईच नव्हती असं सांगितलं तर पोरगी हबकेल आणि दहावा शॉट राहील. दहावा राहिला तर अटच मोडली. आणि बाईला बोलावलं तर ती येईल. पूर्ण वळून, चालत. ते डोळ्यांनी बघायची सगुणाबाईची छाती नव्हती.

"बेबे, चार वाजता मला घरी काम हाय," ती म्हणाली. "मी तिला गोडाऊनपाशी उभी करते. वळा म्हणून तूच आवाज दे."

घरी येऊन तिनं ट्रंक उघडली. भाचीच्या लग्नातलं हिरवं लुगडं तळाशी होतं. जागा एकच आहे, तिनं स्वतःला समजावलं. एका जागी दोन बायका उभ्या राहू शकत नाहीत. मीच तिथं जाऊन उभी राहिले तर तिला जागा उरणार नाही. लुगडं नेसून तिनं वही फडताळात वर ठेवली आणि मागच्या बोळानं गोडाऊनकडं निघाली.

८

दाराच्या फळ्या नाकापासून वीतभर होत्या. सरकीचा जुना, तेलकट वास येत होता. पाठीवर चारचं ऊन होतं आणि पाऊल टाकलं तिथं धूळ मोडली होती. ते बघून तिला बरं वाटलं. माझं पाऊल उमटतं, तिनं मनात म्हटलं.

लांबून किल्ली भरल्याचा आवाज आला. कर्र, कर्र, कर्र. मग थोडी शांतता. मग किर्रर्र सुरू झालं.

आता बेबीनंदा आवाज देणार. सगुणाबाईनं अंग सावरलं.

"अगंबाई, मावशी, आलात का?" बेबीनंदाचा आवाज आला. "बरं झालं. सांगा त्यांना."

आणि दुसरा आवाज आला.

"बाई, जरा वळा इकडं!"

स्वतःचा आवाज बाहेरून माणसाला ओळखू येत नाही. क्षणभर तिला वाटलं, कोण ही बाई, एवढ्या ठसक्यात बोलून राह्यली? मग शब्द ओळखू आले, आणि शब्दांच्या मागोमाग ठसका.

फळ्यांच्या उजव्या अंगाला बोळ होता. चार पावलांवर. तिथून घरी जाता आलं असतं. पण किर्रर्र चालू होतं. फिल्म पळत होती आणि तिच्या मागं दुसरी फिल्म नव्हती. पोरीची शाळा त्या आवाजाच्या टोकाला लोंबकळत होती.

सगुणाबाई वळली.

गल्ली पूर्ण दिसली. ओट्यावर गोजरबाई. तिपाईवर कॅमेरा, भोकाला डोळा लावून वाकलेली बेबीनंदा. आणि तिच्या उजव्या हाताला, अगदी खांद्याला लागून, एक बाई. अंगावर सगुणाबाईचं रोजचं निळं पातळ, जे तिनं आत्ता घरी खुंटीला लावलं होतं. हातात वही. ती पाठमोरी उभी होती आणि मान खाली घालून काहीतरी लिहीत होती.

चालायचं होतं. सगुणाबाई चालली. पाय गोधडीत अडकल्यासारखे पडत होते, पण तिनं ते थांबू दिले नाहीत. तिची नजर त्या पाठीवर होती. निळ्या पातळाला खांद्याजवळ तिनंच घातलेला टाका होता. वीस पावलं राहिली. पंधरा. गोजरबाई तिच्याकडं बघत होती आणि सुपातले हात थांबले होते. दहा पावलांवर पेन्सिल चालायची थांबली. मग वही मिटली. मग मान हलली.

सगुणाबाईनं डोळे गच्च मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांनी चालत राहिली, किर्रर्र बंद होईपर्यंत.

"मावशी?"

तिनं डोळे उघडले. कॅमेरा हातभर अंतरावर होता. बेबीनंदा सरळ उभी होती, एकदा तिच्याकडं आणि एकदा आपल्या उजव्या हाताकडं बघत. तिथं कोणी नव्हतं. तिपाईच्या पायाशी वही पडली होती.

"तुम्ही? पण तुम्ही तर आत्ता इथं... तुम्हीच आवाज दिलात ना?"

"गल्लीतली सगळी कामं मलाच करावी लागतात बाई," सगुणाबाई म्हणाली आणि ओट्यावर बसली.

बेबीनंदानं वही उचलली, शेवटचं पान उघडलं. "दहावी नोंदसुद्धा घेतलीत! केवढी बराबर घेतलीत."

"मिट ती," सगुणाबाई म्हणाली. "पुण्याला घेऊन जा."

९

फिल्म पहिल्या नंबरात आली. शिष्यवृत्ती राहिली, पुढच्या वर्षी मोठी फिल्म करायला मिळणार असंही पत्रात होतं. पत्र सगुणाबाईनं पोस्टमनला नाक्यावर गाठून आणलं आणि धावत नेऊन दिलं. गुरुजींनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, आणि शहागडच्या लोकांना तिथल्या तिथं पोस्टकार्ड लिहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत बेबीनंदा फिल्म घेऊन आली. प्रचाराच्या गाडीवर गावोगाव सिनेमे दाखवणारा रामकिसन गुरुजींचा विद्यार्थी होता. तो त्याचं मशीन घेऊन आला. गुरुजींच्या शाळेतला एक वर्ग उघडला, खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि भर दुपारी अंधार केला. अख्खी गल्ली खाली सतरंजीवर बसली. सगुणाबाईला पुढं बसवलं.

भिंतीवर गल्ली उमटली. रंग नव्हता, पण लोकांचा श्वास अडकला. रोजची उखडलेली भिंत, रोजचा ओटा, पण हे सगळं इतकं देखणं आहे हे कोणाला माहीत नव्हतं. गोजरबाईच्या सुपातल्या उन्हात एकेक दाणा चमकत होता. गोजरबाई आपलंच तोंड बघून पदराआड रडायला लागली. गुरुजी मागं भिंतीला टेकून उभे होते, हाताची घडी घालून, ती घडी सोडायचं त्यांना सुचत नव्हतं.

"सगुणे, तू तर हरेक ठिकाणी हाईस की!" धर्मराज मोठ्यानं म्हणाला. "मागं उभी."

लोक हसले. सगुणाबाईही हसली. तिनं कोणाला काही सांगितलं नाही. शेजारी बसलेल्या बेबीनंदाच्या चेहऱ्यावर भिंतीवरचा उजेड पडत होता, आणि त्या चेहऱ्याला धक्का लागेल असं काही बोलायची तिची इच्छा नव्हती.

दहावा शॉट आला. बाई वळली, चालायला लागली. भिंतीवर सगुणाबाई सगुणाबाईकडं येत होती. वीस पावलं. पंधरा. दहा. इथं मिटले डोळे, तिनं आठवलं.

भिंतीवरचे डोळे मिटले नाहीत. चेहरा मोठा होत गेला, चौकट भरून गेली, आणि डोळे सताड उघडे होते. ते कॅमेऱ्यात बघत नव्हते. जरा बाजूला बघत होते, वही घेऊन कोणी उभं असतं तिथं. अगदी शेवटी, उजेड जायच्या आधी, त्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं काहीतरी आलं, आणि ओठ हलले. दोन-तीन शब्दांपुरते. फिल्म मुकी होती.

टाळ्या सुरू झाल्या. बेबीनंदानं वळून तिचा हात धरला. "मावशी, आमचे सर पुन्हा पुन्हा हेच बघत होते. म्हणाले, हे शिकवून येत नाही. काय म्हणालात हो तुम्ही तिथं?"

सगुणाबाईला काही आठवेना. ती काही बोललीच नव्हती. कोणीतरी खिडकीवरची घोंगडी काढायला उठलं, तर तिनं हात वर करून त्याला बसवलं. भीती गेली नव्हती. पण मान पुढं झाली होती, कोणाच्या घरी पत्र आलं की व्हायची तशी.

"रामकिसनभाऊ," ती म्हणाली, "शेवटचं तेवढं परत लावा. अन् जरा हळू."